नवी झेड फोर चालवली आणि जुनीचं दुखणं सापडलं

आमच्याकडं बीएमडब्ल्यूची एक लाल झेड फोर आहे, दोन सीटांची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार, 2013 चं मॉडेल. गाडीवाले तिला ई-89 म्हणतात, म्हणजे ॲल्युमिनियमचं छप्पर दोन तुकड्यांत घडी होऊन डिकीत जातं ती पिढी. एसड्राइव्ह 35 आय, तीन लिटर, सरळ रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो, 306 हॉर्सपॉवर. 2017 ला मी ती सेकंडहँड घेतली आणि बेंगळुरूहून स्वतः चालवत आणली, तवंदी घाट उतरून निपाणीत येईपर्यंत एकदाही गाणी लावली नव्हती, नुसतं इंजिन ऐकत आलो होतो. तेव्हापासून आठ वर्षं झाली, पावसाळा सोडला तर रविवारी सकाळी ती बाहेर निघाली नाही असं क्वचितच झालं असेल.

तर गेल्या महिन्यात शोरूमच्या पोराचा फोन आला. सर, नवीन झेड फोर दोन दिवस कोल्हापूरला आणतोय, एम 40 आय, आणि मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, येताय का. मी आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फर्नेसजवळ उभा होतो, तिथं काही ऐकू येत नाही, म्हणून बाहेर जाऊन परत विचारलं, मॅन्युअल म्हणालास का? तो हो म्हणाला. मी म्हटलं सकाळी सातला येतो, त्याआधी कुणाला देऊ नको.

याचं कारण सांगतो. ही नवी पिढी, जी-29, भारतात 2019 मध्ये आली आणि तेव्हा फक्त ऑटोमॅटिक होती. चांगलीच होती, पुण्यात एका मित्राची दहा-पंधरा मिनिटं चालवली होती तेव्हा, पण जीव अडकला नाही. मग 2025 मध्ये त्यांनी इथं प्युअर इम्पल्स नावाची एडिशन आणली, त्यात सहा गिअरची मॅन्युअल मिळायला लागली. सहा सिलिंडर, मागच्या चाकांना पॉवर, दोन सीटा, उघडं छप्पर आणि हातात गिअर, हे सगळं एका गाडीत नवंकोरं मिळणं आता जगातच दुर्मिळ झालंय. त्यात कंपनीनं झेड फोरची फायनल एडिशन पण जाहीर करून टाकलीय. म्हणजे आत्ता नाही चालवली तर पुढं चालवायला मिळेल का नाही सांगता येत नाही.

आणि मी गाडी चालवायला शिकलोच मुळात क्लचवर. आमच्या कारखान्यात एक मॅटाडोर होती, कास्टिंगं, म्हणजे ओतलेले भाग, भरून उद्यमनगरातून शिरोलीला न्यायची. वजन भरलेलं असताना चढावर थांबवून परत उचलायची, तिथं डावा पाय तयार होतो. माझ्या लाल गाडीत सात स्पीडचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे, स्टिअरिंगमागच्या पॅडलवर बोट लावलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत गिअर पडतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण डाव्या पायाला काम नाही ही रुखरुख आठ वर्षं होतीच.

घरी सांगितलं तर आमचे आण्णा म्हणाले, मी पण येतो. आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सगळी हयात पॅटर्न आणि मोल्डिंगमध्ये, म्हणजे ओतकामाचे साचे करण्यात गेली, उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे पार्ट ओतायचे तेव्हापासूनची. त्यांना गाडीच्या रंगाचं, लेदरचं काही नसतं, त्यांना फक्त इंजिन ऐकायचं असतं. मी म्हटलं आण्णा दोनच सीटा आहेत, एकीवर मी आणि दुसरीवर शोरूमचा पोरगा बसणार. ते म्हणाले, मला कुठं बसायचंय, मी उभा राहून ऐकतो.

बाहेरच्या लोकांना कधीकधी आश्चर्य वाटतं की कोल्हापुरासारख्या गावात एवढा गाड्यांचा नाद कसा. मला त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसत नाही. दसऱ्याला दसरा चौकात 1936 ची मेबॅक मोटार येते, राजाराम महाराजांच्या वेळची, ती बघायला लहानपणी आम्ही आण्णांच्या खांद्यावर बसून गेलोय, सोनं लुटायचं नंतर आधी मेबॅक. आणि दुसरं म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इथल्या फाउंड्र्यांमधनं देशभरातल्या ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनाचे भाग ओतून जातात. ज्या माणसानं आयुष्यभर सिलिंडर ब्लॉकची वाळू झाडलीय तो गाडीचं बॉनेट उघडल्यावर दोन पावलं पुढं येणारच.

तर सकाळी सात. थंडी चांगली पडली होती, हायवेवर धुकं. हॉटेलच्या पार्किंगमध्ये ती उभी होती, हिरवी, सॅनरेमो ग्रीन म्हणतात तो रंग, आत तपकिरी लेदर. फोटोत मला हा रंग आवडला नव्हता, प्रत्यक्षात उसाच्या कोवळ्या पाल्यावर ऊन पडल्यासारखा दिसतो. मी माझी लाल तिच्या शेजारी लावली. दोघी शेजारी उभ्या केल्यावर पहिल्यांदा नीट कळलं की नवी किती रुंद आहे. लांबी 85 मिलिमीटर जास्त, रुंदी 74 जास्त, आणि गंमत म्हणजे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, उलट 26 मिलिमीटर कमी करून 2470 वर आणलाय. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मात्र तब्बल 98 मिलिमीटर वाढवलंय, म्हणजे जवळजवळ चार इंच. हे आकडे मी आधी वाचले होते पण त्यांचा अर्थ मला पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या वळणावर कळला, ते पुढं सांगतो.

दिसायला माझं मत विचाराल तर माझी जास्त देखणी आहे. लांब बॉनेट, मागच्या चाकावर बसल्यासारखी सीट, आणि अंगावरच्या रेघा अशा की धुताना हात आपोआप त्या रेघेवरनं जातो. त्या गाडीचं बाहेरचं डिझाइन युलियाने ब्लासी आणि आतलं नादिया अर्नाऊट, अशा दोन बाईमाणसांनी केलंय, आणि मला ते नेहमी फार अभिमानानं सांगावंसं वाटतं, आमच्या लेकीला पण मी ते सांगितलंय. नवी गाडी तगडी दिसते, तालमीतला पैलवान शड्डू ठोकून उभा राहावा तशी.

पोरानं बॉनेट उघडलं. आण्णा पुढं झाले. वर प्लॅस्टिकचं मोठं झाकण, दिसत काहीच नाही, पण मी त्यांना जेवढं माहिती होतं तेवढं सांगितलं. माझ्या गाडीतलं इंजिन एन 54, त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आत बीडाचे लायनर, म्हणजे नळीसारखे अस्तर, बसवलेले. नव्यातलं बी 58, याच्यात लायनरच नाही. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर लोखंडाची तार इलेक्ट्रिक आर्कनं वितळवून तिचा फवारा मारतात, त्याचा पातळ थर बसतो, मग तो होनिंग करून, म्हणजे घासून, गुळगुळीत करतात. लायनर नसल्यामुळं वजन कमी आणि उष्णता लवकर बाहेर जाते. शिवाय ब्लॉकचा वरचा डेक बंद ठेवलाय, म्हणजे सिलिंडरच्या भोवती पाण्याला मोकळी खाच न सोडता वरनं भरीव, त्यामुळं जास्त दाब सोसतो. आण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, बंद डेक म्हणजे आतली पाण्याची वाट कोअरनं, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यानं काढली असणार, मग कोअरची वाळू बाहेर कशी काढत असतील? पोरगा माझ्याकडं बघायला लागला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसेल.

मग स्टार्ट केली. थंड इंजिन, पहिली अर्धी मिनिट आवाज चढा राहतो, मग खाली बसतो. आण्णा एक्झॉस्टकडं गेले नाहीत, पुढंच उभे राहिले, बॉनेटवर तळवा ठेवून. सरळ सहा सिलिंडरची खुबी अशी की पुढचे तीन आणि मागचे तीन पिस्टन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे हलतात, त्यामुळं धक्के आपापसातच मिटतात, वेगळा बॅलन्स शाफ्ट लावावा लागत नाही. आण्णांना ही थिअरी माहिती नाही पण हाताला कळतं. ते म्हणाले, "तुझ्या गाडीसारखंच हाय की. फक्त हिचं तोंड जरा दाबल्यागत वाटतंय." मला वाटतं त्यांनी अगदी बरोबर पकडलं. आजकालच्या नियमांमुळं एक्झॉस्टमध्ये फिल्टर वगैरे बसवावे लागतात, आवाज जरा गाळून येतो.

आण्णांना चहा सांगून आम्ही निघालो. पोरानं रूट ठरवला होता, हायवेनं कागलपर्यंत आणि परत. मी म्हटलं भावा, हायवेवर सगळीकडं कामं चाललीत, डायव्हर्जनमध्ये सेकंड गिअरमध्ये फिरून मला काय कळणार, पन्हाळ्याला जाऊ. तो जरा घाबरला, मग ऑफिसला फोन केला, मग तयार झाला. मी त्याला शब्द दिला की रस्ता जेवढा मागेल तेवढीच चालवीन.

क्लच अपेक्षेपेक्षा हलका. गिअरचा दांडा जाडजूड, पहिला टाकताना थोडा जोर लावावा लागतो, दुसरा-तिसरा मात्र असा बसतो की दोनदा टाकून बघावासा वाटतो. सीपीआर हॉस्पिटल, पुढं शिवाजी पूल, सकाळची गर्दी अजून सुरू व्हायची होती, गंगावेशीतनं दूध पिऊन परतणारी तालमीतली पोरं मोटारसायकलवर शेजारनं जात होती. सिग्नलला एकानं विचारलं, "दाजी, कितीला पडली?" मी म्हटलं माझी नाही अजून. त्यानं हिरव्या रंगाकडं बघून अंगठा दाखवला.

पुलापलीकडं आंबेवाडी सोडली की दोन्ही बाजूंना ऊस. तिथं मी छप्पर उघडलं. हे छप्पर कापडाचं, दहा सेकंदांत उघडतं आणि ताशी 50 किलोमीटरपर्यंत चालू गाडीत उघडता येतं. माझ्या गाडीचं पत्र्याचं छप्पर वीस सेकंद घेतं. आणि छप्पर आत गेल्यावर माझ्या डिकीत 180 लिटर जागा उरते, म्हणजे नरसोबावाडीला गेलो तर बर्फीचे बॉक्स आणि दोन पिशव्या, संपलं. नवीत छप्पर उघडं असो का बंद, 281 लिटर कायम. कागदावर नवी जिंकली. पण मी एक सांगू का, कोल्हापूरच्या पावसात मला पत्र्याचं छप्पर लागतं. आमच्याकडं जूनला सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत हवेत पाणी असतं, कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. 2019 च्या महापुरात मी लाल गाडी गोकुळ शिरगावला कारखान्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवली होती, उंचावर म्हणून, आणि पाणी उतरेपर्यंत, रस्ता सुरू होईपर्यंत तिच्याकडं जाता आलं नाही. परत आलो तेव्हा दार उघडल्यावर आतनं लेदरचा वास आला, ओलीचा नाही. आणि शेडमध्ये फाउंड्रीची धूळ, ती कापडात बसली तर निघत नाही. हे माझं कारण आहे, पुण्या-मुंबईतल्या बेसमेंट पार्किंगवाल्याला कदाचित कापडच बरं पडेल.

पण छप्पर उघडलं आणि गुऱ्हाळाचा वास आला. केर्लीच्या अलीकडं कुठंतरी काहील चढली होती. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना कसं सांगू, उकळत्या रसाचा, चुलवाणात जळणाऱ्या चिपाडाचा, थोडासा करपट गोड. कापडाचं छप्पर, पत्र्याचं छप्पर हा सगळा वाद तिथं दोन मिनिटं बाजूला पडला.

केर्लीपासून ज्योतिबाचा फाटा उजवीकडं सोडला आणि सरळ वाघबीळ. या रस्त्याचं काम सुरू आहे, एक पट्टा गुळगुळीत, लगेच पुढं खडबडीत, मध्येच सिमेंट आणि डांबराच्या सांध्याला उंबरठ्यासारखी कड. हा रस्ता माझा रोजचा नसला तरी रविवारचा आहे, कुठला खड्डा कुठं आहे ते मला पाठ आहे. आणि माझ्या गाडीत काय होतं तेही पाठ आहे, त्या सांध्यांवर पुढनं ठक्कन आवाज येतो, स्टिअरिंग हातात दचकतं, आणि वळणातच खड्डा आला तर मागची बाजू जरा बाजूला उडी मारते. इतकी वर्षं मी समजत होतो की स्पोर्ट्स कार आहे, कडक असणारच, हे असंच असतं.

नवीनं तो सांधा गिळला. आवाज आला पण घट्ट, एकदाच, बंद डब्यातनं आल्यासारखा. मी पोराला विचारलं मोड कुठला आहे, तो म्हणाला कम्फर्ट. मी स्पोर्टला टाकली. कडक झाली, पण तरी ठक्क नाही. हिच्यात ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे, शॉकॲब्झॉर्बरचा कडकपणा गाडी स्वतः बदलते, त्यामुळं थोडा फरक तर असणारच. पण माझ्या डोक्यात तिथंच एक किडा वळवळायला लागला. हा फरक फार मोठा होता, नुसत्या पिढीच्या फरकापेक्षा मोठा.

वाघबीळला डावीकडं वळलं की पन्हाळ्याचा चढ. तिथं मी पोराकडं बघितलं, तो म्हणाला चालेल सर. तिसऱ्या गिअरमध्ये 1800 आरपीएमवरनं पाय दाबला. 500 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, आहे हिच्यात, माझीत 400, आणि या इंजिनाचा टॉर्क 1600 पासनंच पूर्ण मिळतो. गाडी ओढत नाही, उचलते. गिअर बदलायची गरजच नव्हती खरं तर, पण मी बदलले, कारण त्यासाठीच आलो होतो. पहिल्या आकड्याच्या वळणाआधी ब्रेक, क्लच, तिसऱ्यातनं दुसरा, गाडीनं स्वतःच आरपीएम वर नेऊन जुळवून दिले, हिसका नाही काही नाही. नंतरच्या वळणाला मी जुन्या सवयीनं ॲक्सिलरेटरला टाच मारून स्वतः करायला गेलो तर आम्ही दोघांनी मिळून जरा जास्तच रेस दिली. मग मी तिलाच करू दिलं.

आणि इथं ते 98 मिलिमीटर कळले. माझी गाडी वळणात घालताना पुढचं टोक क्षणभर विचार करतं, मग वळतं, मी तेवढी वाट बघायला शिकलोय, स्टिअरिंग थोडं आधीच फिरवून ठेवतो. नवीला ती वाट बघावी लागत नाही. फिरवलं की टोक आत, आणि मागच्या दोन चाकांत पॉवर वाटणारं डिफरेंशियल इलेक्ट्रॉनिक आहे, वळणातनं बाहेर पडताना पॉवर दिली की बाहेरच्या चाकाला जास्त जोर पोचतो आणि गाडी वळण पूर्ण करून देते. बुधवार पेठेच्या वरच्या वळणांत मी सवयीनं आधी स्टिअरिंग फिरवत होतो आणि दोनदा मला परत सरळ करावं लागलं कारण ती आधीच वळलेली होती. स्टिअरिंगमधनं रस्त्याची बातमी फार येत नाही, तेवढी माझ्या जुनीतही कमीच येते, पण नेम पक्का आहे.

वर नाक्याजवळ थांबवली. 2021 च्या पावसात हा पन्हाळ्याचा रस्ता खचला होता, किती दिवस गाड्या वर जात नव्हत्या, त्या जागेवरनं जाताना मी अजूनही आपोआप हळू होतो. खाली धुक्यातनं ज्योतिबाचा डोंगर वर आलेला. पोरानं विचारलं, कशी वाटली सर? मी त्याला खरं ते सांगितलं, की ही गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे, आणि मला आत्ता फार बोलायचं नाही.

उतरताना मी हळू चालवली. गिअरवर सोडून, ब्रेकला हात न लावता, पायाला काम देत. डावा पाय खूश होता, हे कसं सांगायचं कळत नाही पण मांडीपासून खालपर्यंत बरं वाटत होतं.

हॉटेलवर आलो. आण्णांनी काही विचारलं नाही, माझं तोंड बघितलं. कागदावर सही केली, पोराला धन्यवाद दिले, आणि आम्ही लाल गाडीत बसलो. घराकडं जायच्या ऐवजी मी गाडी परत शिवाजी पुलाकडं घेतली. आण्णा म्हणाले, आता कुठं? म्हटलं तोच रस्ता हिच्यातनं बघू लगेच, तोंडात चव आहे तोवर.

केर्लीच्या पुढचा तोच सांधा. ठक्क. आण्णांनी मान वळवली. पुढचा सांधा, परत ठक्क. आता हे समजायला फाउंड्रीची एक गोष्ट माहिती पाहिजे. कास्टिंग थंड झाल्यावर आण्णा लहान हातोडीनं त्याला टिचकी मारायचे. चांगलं कास्टिंग घंटेसारखं वाजतं, आवाज लांबतो. आत चीर असली तर आवाज मेलेला येतो, बद्द, लगेच संपतो. हजारो कास्टिंगं त्यांनी अशी कानानं बाजूला काढलीत, आणि नंतर तोडून बघितलं की चीर सापडायचीच. तर आण्णा म्हणाले, "डावीकडनं बद्द वाजतंय रं. उजवीकडनं न्हाई." आठ वर्षं मी गाडी चालवतोय आणि मला कधी डावं-उजवं कळलं नाही, कारण रोज थोडंथोडं वाढत गेलेलं ऐकू येत नाही. नवी गाडी मध्ये एक तास चालवली म्हणून कान साफ झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं जॅक लावला, पहार घालून पुढचं डावं चाक हलवलं आणि मला हात लावायला सांगितला. कंट्रोल आर्मचं रबरी बुश फाटलेलं, शॉकॲब्झॉर्बरच्या वरचं माउंट बसलेलं, आणि एका शॉकमधनं तेल पाझरून त्यावर माती चिकटलेली. बारा वर्षं वयाची गाडी, त्यातली आठ आमच्या रस्त्यांवर, रबर कुणाचंही गेलं असतं. चूक माझी की मी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल वेळेवर बदलत आलो, वर्षातनं दोनदा पॉलिश केलं, आणि खाली कधी वाकून बघितलं नाही.

मग तो म्हणाला, टायर बघा. मी म्हटलं टायरची नक्षी अर्धी शिल्लक आहे की. त्यानं टायरच्या बाजूवरचा चार आकडी नंबर दाखवला, 2319. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष, म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. सहा वर्षं उलटून गेली. रविवारची गाडी फार चालत नाही म्हणून नक्षी झिजत नाही, पण रबर उन्हानं, हवेनं आपलंआपलं कडक होत राहतं. मी नखानं दाबून बघितलं, नख उमटेना. त्यात माझे टायर रनफ्लॅट होते, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर चालता यावं म्हणून त्यांच्या बाजूच्या भिंती मुळातच जाड आणि ताठ असतात. ताठ भिंत, म्हातारं रबर, थकलेला शॉक, फाटलेलं बुश. चौघांनी मिळून केलेलं काम मी स्पोर्ट्स कारचा स्वभाव समजून बसलो होतो!

ज्यांच्याकडं अशी कमी चालणारी, जपलेली गाडी आहे त्यांनी आजच जाऊन तो चार आकडी नंबर बघा, मी मनापासून सांगतोय. वेगात वळणात असताना ते रबर सोडून देईल तेव्हा गाडी किती भारी आहे याला काही अर्थ राहत नाही.

पार्ट यायला तीन आठवडे लागले. पुढचे दोन्ही कंट्रोल आर्म, चारी शॉक, माउंट, आणि टायर साधे घेतले, रनफ्लॅट नाही. हा निर्णय घेताना दोन रात्री विचार केला, कारण माझ्या गाडीत स्टेपनी नाही, मग डिकीत पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर ठेवायचा असं ठरवलं. घाटात रात्री एकट्यानं फिरणाऱ्यानं कदाचित रनफ्लॅटच ठेवावेत. मी रात्री जात नाही. शेवटी अलाइनमेंट, ती मी स्वतः उभा राहून करून घेतली.

दरम्यान शोरूमच्या पोराचे दोन फोन येऊन गेले. त्याला मी सरळ सांगितलं. 2025 मध्ये ही मॅन्युअल आली तेव्हा एक्स-शोरूम 97 लाख 90 हजारांना होती, रस्त्यावर येईपर्यंत कोटीच्या वर जायची. तेवढ्या पैशात कारखान्यातल्या आमच्या मशीन शॉपमध्ये चांगलं मशीन येतं आणि यंदा आम्हाला त्याची गरज आहे, चाळीस माणसांचा पगार त्या शॉपमधनं निघतो. हे पहिलं कारण. दुसरं छपराचं, ते वर सांगितलंच. पण त्या गाडीत कमी काही आहे म्हणून नाही म्हटलेलं नाही, हेही त्याला सांगितलं. पुढंमागं कधी दोन-तीन वर्षं वापरलेली मॅन्युअल कुणाची निघाली तर मला पहिला फोन कर, असं सांगून ठेवलंय. तो म्हणाला सर, मॅन्युअल घेणारे विकत नाहीत. बरोबर आहे त्याचं.

परवाच्या रविवारी लाल गाडी तयार झाल्यावर पहिल्यांदा नीट बाहेर काढली. आण्णा शेजारी, गळ्यात मफलर, छप्पर उघडं. केर्लीच्या पुढचा सांधा आला, मी मुद्दाम वेग तोच ठेवला. धप्प. एकच, मऊ, आणि स्टिअरिंग जागच्या जागी. वाघबीळचं वळण घेतलं, मागचं उडी मारणं पूर्ण गेलंय. पुढच्या टोकाचं ते क्षणभर विचार करणं मात्र तसंच आहे, ते बुशनं जाणारं नाही, ती चार इंचांची गोष्ट आहे आणि ती माझ्या गाडीत कधी येणार नाही. डावा पाय दोनदा क्लच शोधायला गेला, अजून जातोय.

परत येताना गुऱ्हाळापाशी थांबलो, गरम काकवी घ्यायची होती घरी. मी उतरलो, किल्लीसाठी हात पुढं केला तर आण्णांनी माझा हात धरला. म्हणाले, "बंद करू नको. राहू दे चालू, तू जाऊन ये." मी बाटली भरून घेईपर्यंत ते तसेच बसले होते, डॅशबोर्डवर तळवा ठेवून, मान जराशी डावीकडं कलती करून.